संगणकाच्या भाषा आणि वादाची रीत

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगानें पैनगंगा वाहते. केळापूर-झरीकडच्या भागांत ती ओलांडली कीं तेलंगण लागतें. अलीकडच्या कांठावर कोलामांच्या पोडावर वाढणारें मूल घरीं कोलामी बोलतें, शाळेंत मराठी शिकतें, बाजारांत हिंदी ऐकतें, आणि नदीपलीकडे गेलें कीं तेलुगूचे चार शब्द उचलून आणतें. तांड्यावरील मुलाची घरची भाषा गोरमाटी, गोंडांच्या घरची गोंडी. आठवड्याच्या बाजारांत या साऱ्या भाषा एकाच झाडाखालीं नांदतात. त्यांतली श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न तेथें कोणी काढीत नाहीं. तुरीचा भाव ज्या भाषेंत ठरतो ती त्या घटकेची भाषा. असा प्रश्न पडण्यास थोडें शिक्षण व्हावें लागतें.

या जिल्ह्यांत गेल्या चाळीस वर्षांत आणखी कांहीं भाषा वस्तीला आल्या आहेत. पुसदला १९८३ सालीं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, यवतमाळास १९९६ सालीं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, आणि बारावीच्या विज्ञानशाखेंतूनही संगणकशास्त्र हा विषय मुलांच्या हातीं पडूं लागला. सी, सी-प्लस-प्लस, जावा, पायथन हीं नांवें आतां ज्या घरांनीं संगणक दुरूनच पाहिला होता तेथेंही कानांवर येतात. या भाषा कोणी बोलत नाहीं. त्या माणसानें लिहावयाच्या आणि यंत्रानें ऐकावयाच्या. संगणकाला 'आहे' आणि 'नाहीं' अशा विजेच्या दोन खुणांखेरीज कांहीं कळत नाहीं. माणसाला तर त्या खुणांच्या लांबच लांब माळा वाचवत नाहींत. म्हणून दोघांमध्यें एक दुभाष्या उभा करावा लागतो. माणूस ठराविक शब्दांत, ठराविक व्याकरणानें आज्ञा लिहितो, आणि दुसरी एक आज्ञावली त्यांचें यंत्राच्या खुणांत भाषांतर करते. अशा भाषा आजवर शेंकड्यांनीं झाल्या. जेथें भाषा तेथें अभिमान, आणि जेथें अभिमान तेथें भांडण, हें ओघानें आलेंच.

गेल्या दिवाळींत जिल्ह्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं हें भांडण आम्हीं प्रत्यक्ष ऐकलें. घरांतला नातू जिल्ह्यांतच शिकणारा, त्याचा हात जावावर बसलेला. त्याचा आतेभाऊ पुण्यास नोकरी करणारा, तो पायथनचा भक्त. पुण्याच्या मुलानें चार ओळींच्या कामाला चाळीस ओळींचें लोढणें म्हणून जावाची थट्टा केली. दुसऱ्यानें पायथनला पोरखेळ म्हटलें. आवाज चढले. मग जिल्ह्यांतला मुलगा एकाएकीं गप्प झाला, आणि तो कां गप्प झाला हें आम्हांस कळलें. त्याच्या शिक्षणासाठीं घरानें शेताचा एक तुकडा गहाण टाकला होता. आपण शिकलों तें जुनें झालें, ही शंका पुण्याच्या भावाला गंमतीची असेल, त्याला ती परवडणारी नव्हती. तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत होता, आणि या भाषांच्या इतिहासांत असे तंटे कसे मिटले, कोठें चिघळले, हें पाहावें असें आम्हीं ठरविलें.

गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय हें ठरविण्यासाठीं दोन्ही पक्षांनीं प्रमाणें देऊन केलेला तो वाद. केवळ जिंकण्यासाठीं केलेला तो जल्प. आणि स्वतःचा कांहींच पक्ष न मांडतां समोरच्याचें खंडन करीत राहणें ती वितंडा. आमच्या जुन्या पंडितांना हे तिन्ही चांगले अवगत होते, आणि तिसरा कांहींजणांना फारच. संगणकाच्या भाषांचा सत्तर वर्षांचा इतिहास या तीन शब्दांनीं बराचसा उलगडतो.

जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनींत फोर्ट्रान ही भाषा १९५७ सालीं पुरी केली. गणिताचें सूत्र जवळजवळ जसेंच्या तसें लिहावें आणि यंत्रानें तें समजून घ्यावें, ही सोय तोंवर फारच थोड्यांस मिळाली होती. पण भाषा एका कंपनीची; दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावाल्याला ती सावत्र. सर्वांची अशी एक भाषा असावी म्हणून २७ मे १९५८ रोजीं झ्यूरिक येथें आठ माणसें जमलीं: चार अमेरिकेचीं, चार युरोपचीं. पुढें अल्गोल या नांवानें प्रसिद्ध झालेल्या भाषेचा पाया त्या सहासात दिवसांत घातला गेला. एवढ्या विद्वान् सभेचें गाडें अडलें तें कशावर? दशांशचिन्हावर! अमेरिकन दशांशासाठीं टिंब देतात. युरोपांतील पुष्कळ देशांत स्वल्पविराम देतात. एका सभासदानें टेबलावर हात आपटून आपण दशांशासाठीं टिंब कधींही वापरणार नाहीं असें बजावलें. आम्हांस यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. माणूस तत्त्वावर जितका तडजोड करतो तितका संवयीवर करीत नाहीं. आमचेंच पाहा: महामंडळाच्या ज्या नियमांना शासनानें १९६२ सालीं मान्यता दिली त्यांनीं अनुच्चारित अनुस्वार कधींच काढून टाकले, कानाला त्यांचा उपयोग नाहीं हें आम्हांसही कबूल आहे, तरी हात वळतो तो वळतोच.

ही गांठ जोसेफ वेगस्टाईन या अमेरिकन सभासदानें सोडविली. त्यानें दोहोंपैकीं कोणासही खोटें पाडलें नाहीं. भाषा एक, पण तिचीं रूपें तीन मानावीं, असें त्यानें सुचविलें. एक प्रमाणरूप, ज्यांत व्याकरण ठरावयाचें. दुसरें छापण्याचें रूप, ज्यांत प्रत्येकानें आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणें लिहावें. तिसरें यंत्राचें रूप, ज्यांत त्या त्या यंत्राच्या कळफलकावर जीं अक्षरें असतील तीं वापरावीं. टिंबवाल्याचें टिंब राहिलें, स्वल्पविरामवाल्याचा स्वल्पविराम राहिला, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

ही युक्ति महाराष्ट्रीयास नवी वाटूं नये. कित्येक शतकें मराठी दोन लिप्यांत नांदली. ग्रंथ बाळबोधांत, दफ्तर मोडींत. मोडी लिहिणारा कारकून आधीं पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू न उचलतां तिच्याखालीं अक्षरें गुंफीत जाई. ऱ्हस्वदीर्घाची चौकशी तो करीत नसे, कारण त्याला वेळ वांचवावयाचा होता. पोथी लिहिणाऱ्याला वेळ भरपूर, पण अक्षर चुकून चालत नसे. लेखनाची गति आणि वाचनाची निश्चिति या दोन गोष्टी एका लिपींत पुरत्या साधत नाहींत, हें ओळखून आमच्या लोकांनीं दोन्ही ठेवल्या. बाळबोध श्रेष्ठ कीं मोडी, हा वाद छापखाने आल्यावर खरा निघाला, कारण दोन्ही लिप्यांचे खिळे पाडून ठेवणें खर्चाचें होतें. संगणकाच्या भाषांतही बहुतेक भांडणाच्या तळाशीं हीच जोडी सांपडते: लिहिणाऱ्याचा वेळ कीं वाचणाऱ्याची खात्री. पायथनचा भक्त पहिलीकडे बोट दाखवितो, जावाचा दुसरीकडे. दोघेही खरें बोलत असतात. फक्त दोघांचें काम निराळें असतें, आणि तें सांगावयाचें राहून जातें.

अल्गोलचें पुरतें रूप जानेवारी १९६० मध्यें पॅरिस येथें ठरलें. तेरा सभासद होते. चौदावा विल्यम टुरान्स्की बैठकीच्या थोडेच दिवस आधीं मोटारीखालीं सांपडून मरण पावला; अहवाल त्याच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. या बैठकीची गोष्ट आम्हांस फार उद्बोधक वाटते ती एका कारणानें. डेन्मार्कच्या पीटर नाउर यानें सभेस येण्यापूर्वींच भाषेचा संपूर्ण मसुदा लिहून आणला होता, आणि भाषेचें व्याकरण बॅकसनें शोधलेल्या सूत्रपद्धतीनें इतकें काटेकोर मांडलें होतें कीं अमुक वाक्य भाषेंत बसतें कीं नाहीं याविषयीं मतभेदाला जागाच उरूं नये. त्यामुळें सभासद एकमेकांच्या हेतूंशीं भांडण्याऐवजीं समोरच्या कागदाशीं भांडले. ज्यांनीं ग्रामपंचायतीची एक जरी बैठक पाहिली असेल त्यांस यांतला फरक सांगावयास नको.

तरी सारेंच सरळ झालें नाहीं. फेब्रुवारींत ॲम्स्टर्डॅमहून व्हॅन वाइनगार्डेन आणि डाइक्स्ट्रा यांचा नाउरला दूरध्वनि आला: एक वाक्य घालावें. तें निरुपद्रवी दिसणारें वाक्य नाउरनें घातलें. त्याचा परिणाम असा झाला कीं एखादी आज्ञावली आपल्या पोटांत स्वतःलाच पुन्हां बोलावूं शकेल, ही मुभा भाषेंत निःसंशय आली. हें कांहींजणांना मुळींच रुचलें नाहीं, आणि त्यास ॲम्स्टर्डॅमचा कट असें नांव पडलें. आज अशी स्वतःला हांक मारणारी आज्ञा ज्या भाषेंत लिहितां येत नाहीं तिला कोणी भाषा म्हणावयास तयार होणार नाहीं. कटवाल्यांचें मत बरोबर ठरलें. पण सभेला न विचारतां घातलेल्या वाक्याची कुरबूर वर्षानुवर्षें चालली, हेंही खरें.

त्याच सुमारास व्यापारी हिशेबाच्या भाषेचा प्रश्न अमेरिकेंत निघाला. २८ आणि २९ मे १९५९ रोजीं तेथील संरक्षणखात्याच्या पेंटॅगॉन इमारतींत बैठक झाली, आणि तिच्यांतून कोबोल निघाली. ती घडविणाऱ्या समितीचे अध्यक्षही हेच वेगस्टाईन. तेथें वाद पडला तो असा: बेरीज-वजाबाकी गणिताच्या चिन्हांनीं लिहावी, कीं साध्या इंग्रजी शब्दांनीं? एक पक्ष म्हणे, पेढीवरच्या माणसाला सूत्रें कळणार नाहींत. दुसरा म्हणे, त्याला बेरजेचें चिन्ह कळत नाहीं असें समजणें हा त्याचाच अपमान. शेवटीं दोन्ही ठेवलीं. 'ॲड' असा शब्द लिहूनही बेरीज होते, आणि 'कॉम्प्यूट' म्हणून सूत्र लिहूनही होते. भाषा त्यामुळें थोडी अघळपघळ झाली खरी. पण ती टिकली. जगांतील कित्येक बँकांचे हिशेब आजही तिच्यावर चालतात.

इंग्रजी शब्दांचा आग्रह धरणाऱ्यांत ग्रेस हॉपर या बाई अग्रणी होत्या. त्यांची एक हकीकत मराठी वाचकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इंग्रजी शब्द ही यंत्राला केवळ एक खूण आहे, तेथें दुसऱ्या कोणत्याही भाषेचा शब्द ठेवला तरी यंत्राचें कांहीं बिघडत नाहीं, हें दाखवावें म्हणून त्यांनीं आपली आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखविली. वरिष्ठांना कौतुक वाटण्याऐवजीं धक्काच बसला. अमेरिकेंत तयार झालेलें यंत्र फ्रेंच-जर्मन समजूं लागेल ही गोष्ट त्यांच्या पचनीं पडेना, आणि बाईंना इंग्रजीच ठेवण्याचें वचन द्यावें लागलें. सूत्र कळण्यासारखें असूनही शब्द परका म्हणून आमच्या कडचीं मुलें पहिल्या महिन्यांत कां अडखळतात, हें ज्यांनीं वर्गांत पाहिलें आहे त्यांना त्या एका नकाराची किंमत कळेल.

मार्च १९६८ मध्यें डाइक्स्ट्रा यांचें एक छोटें पत्र एका मासिकांत छापून आलें. 'गो टू', म्हणजे येथून उठून तेथें जा, ही आज्ञा घातक आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. तिच्यामुळें वाचणारा आज्ञावलींत वाट चुकतो. पत्राचा मथळा लेखकाचा नव्हता. तो संपादकानें, निक्लाउस विर्थ यांनीं, दिलेला होता, आणि तो इतका झणझणीत होता कीं पत्र न वाचतांच भांडणारे दोन तट पडले. हा शुद्ध जल्प सहा वर्षें चालला. मग १९७४ सालीं डोनल्ड नूथ यांनीं एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांनीं केलें काय, तर खरीखुरीं उदाहरणें घेतलीं. कोठें ती आज्ञा काढल्यानें लिहिणें स्वच्छ होतें आणि कोठें काढल्यानें उलट जड होतें, हें एकेक करून दाखविलें. आमच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडण्याची जी रीत आहे, समोरच्याचें म्हणणें तो स्वतः मांडील त्याहून चांगलें मांडावयाचें आणि मग बोलावयाचें, तीच ही. त्या निबंधानंतर भांडण संपलें असें नव्हे; पण नव्यानें भांडूं इच्छिणाऱ्याला आधीं तो वाचावा लागूं लागला.

अल्गोलच्या दुसऱ्या अवताराची कथा दुःखाची आहे. १९६८ सालीं समितींतील कांहीं नामवंतांनीं नव्या भाषेविरुद्ध भिन्नमतपत्रिका लिहिली आणि मंडळी फुटली. विर्थ त्याआधींच बाहेर पडले होते. त्यांनीं १९७० सालीं स्वतःची लहानशी, नेटकी भाषा काढली. ती पास्कल. पुढें दहापंधरा वर्षें जगभरचीं विद्यालयें तिच्यावर वाढलीं.

पास्कलवर जी टीका १९८१ च्या एप्रिलांत ब्रायन कर्निघन यांनीं लिहिली ती आम्हांस या सगळ्या वाङ्मयांत आदर्श वाटते. हे गृहस्थ प्रतिस्पर्धी 'सी' भाषेच्या गोटांतले; त्या भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक. त्यांच्याकडून पास्कलची निंदा अपेक्षितच होती. पण त्यांनीं ती केव्हां लिहिली हें पाहावें. आपलें एक जुनें पुस्तक त्यांनीं सहकारी प्लॉगर यांच्याबरोबर पास्कलमध्यें नव्यानें उतरविलें, त्यांतली प्रत्येक आज्ञावली त्या भाषेंत लिहून, चालवून पाहिली, आणि मग लेखणी उचलली. म्हणून त्यांची तक्रार मोघम नाहीं. उदाहरणार्थ, पास्कलमध्यें दहा अंकांची यादी आणि वीस अंकांची यादी या दोन भिन्न जाती समजल्या जात. त्यामुळें कोणत्याही लांबीची यादी जुळवून देईल अशी एक आज्ञावली लिहितां येत नसे. मथळ्यांतही त्यांनीं ती वाईट भाषा आहे असें म्हटलें नाहीं. आपल्या आवडीची ती कां नाहीं एवढेंच म्हटलें. शिकविण्यासाठीं ती भाषा ठीक आहे, मोठ्या कामाला अपुरी पडते, असा त्यांचा रोख. पुढें पास्कलच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या त्यांनीं यांतल्या पुष्कळ उणिवा भरून काढल्या. दुसऱ्याच्या घरीं महिनाभर राहून मग त्याच्या स्वयंपाकाला नांवें ठेवावीं, हें वाटेवरून वास घेऊन ठेवण्यापेक्षां केव्हांही चांगलें.

अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें तर आवडीनिवडीवर एक नामी तोडगा काढला. त्यांच्या निरनिराळ्या शाखांत भाषांचा बुजबुजाट झाला होता. १९७५ पासून त्यांनीं आधीं भाषा न निवडतां गरजांची यादी लिहावयास घेतली. ती चहूंकडे पाठवून टीका मागवावयाची, सुधारावयाची, पुन्हां पाठवावयाची. पहिल्या यादीचें नांव गवताचा माणूस, मग लांकडाचा, कथलाचा, लोखंडाचा, आणि १९७८ सालीं शेवटची पोलादाचा. मग चार संस्थांकडून भाषा मागविल्या आणि त्यांना हिरवी, तांबडी, निळी, पिवळी अशीं रंगांचीं नांवें दिलीं, हेतु हा कीं परीक्षकांनीं कर्त्याच्या नांवाकडे न पाहतां निकाल द्यावा. उत्तरपत्रिकेवर नांव न घालतां आसनक्रमांक घालण्याची ही आपलीच जुनी रीत. १९७९ सालीं फ्रान्समध्यें तयार झालेली हिरवी निवडली गेली, तिला ॲडा हें नांव मिळालें.

एवढ्या चाळणींतून गेलेल्या भाषेंत लिहिलेली आज्ञावली घेऊन ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियन-५ हें अग्निबाण उडालें, आणि चाळीस सेकंदांच्या आंत कोसळलें. आधींच्या एरियन-४ साठीं लिहिलेला भाग नव्या, अधिक वेगवान अग्निबाणांत तसाच वापरला होता. एक मोठी संख्या सोळा घरांच्या लहान जागेंत मावेना. भाषेनें चूक पकडली होती. पकडल्यावर काय करावयाचें हें माणसांनीं ठरविलें नव्हतें. ही गोष्ट ॲडाच्या विरोधकांनीं पुष्कळ दिवस वापरली, आणि ती वापरतांना शेवटचें वाक्य गाळलें.

आमच्या देशांत या वादांचे पडसाद उशिरां आले, आणि निवड बहुधा मताची नव्हती, मिळेल त्या यंत्राची होती. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९६३ सालीं आय. बी. एम. १६२० आलें, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० आलें, दोन्हींकडे फोर्ट्रान हीच राजभाषा. प्रा. व्ही. राजारामन यांच्या स्वस्त पाठ्यपुस्तकांनीं ती सर्व हिंदुस्थानांत पोंचविली. पुढें 'सी' चें राज्य आलें तेव्हां तें काम वऱ्हाडाच्या शेजारच्या नागपुरांतून झालें. यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाच्या प्रती देशांतल्या कोणत्याही अभियांत्रिकी वसतिगृहांत, बहुधा कव्हर फाटलेल्या स्थितींत, आढळत. महाविद्यालयांत शिकवावयाचें साधन मात्र पुष्कळ ठिकाणीं बोर्लंड कंपनीचें टर्बो-सी, तें मूळचें १९८७ सालचें. बाहेर जग बदललें तरी निळ्या पडद्यावरच्या त्या जुन्या दुभाष्याजवळ विदर्भांतलीं मुलें किती वर्षें बसून राहिलीं! त्यांच्या बाबतींत 'कोणती भाषा चांगली' हा प्रश्नच चुकीचा होता. कोणती भाषा त्यांच्यापर्यंत पोंचली, हा खरा प्रश्न.

आतां पायथन. ॲम्स्टर्डॅमच्या ज्या गणितकेंद्रांत व्हॅन वाइनगार्डेन काम करीत, त्याच संस्थेंत खीदो व्हॅन रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत ही भाषा सुरू केली. तिच्यांत कांहीं बदल सुचवावयाचा तर लेखी प्रस्ताव करावा लागतो, आणि विरोधी मतेंही त्यांतच नोंदवावीं अशी जबाबदारी प्रस्ताव लिहिणाऱ्यावरच घातलेली आहे. पूर्वपक्षाची रीत येथें नियमच होऊन बसली. असें असूनही २०१८ सालीं एका प्रस्तावावर इतकी कडाक्याची बाचाबाची झाली कीं प्रस्ताव संमत झाल्यावर व्हॅन रॉसम यांनीं आपलें प्रमुखपदच सोडलें. कारभार पुढें पांच निवडलेल्या सभासदांच्या मंडळाकडे गेला. भांडण कशाचें? दोन टिंबें आणि बरोबरीचें चिन्ह, या जोडचिन्हाला भाषेंत जागा द्यावी कीं नाहीं. हें चिन्ह साठ वर्षांपूर्वीं झ्यूरिकच्या त्या आठ माणसांनींच अल्गोलमध्यें घातलें होतें.

यवतमाळाविषयीं लिहितांना एक गोष्ट टाळतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें येथें ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, अध्यक्षा डॉ. अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांना बोलावलें होतें. इंग्रजींत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्तें मराठीचें संमेलन कां, असा आक्षेप निघाला. दुसऱ्या बाजूचें म्हणणें असें कीं भाषा हें निमित्त, खरी अडचण त्यांच्या मतांची. निमंत्रण मागें घेण्यांत आलें, महामंडळाच्या अध्यक्षांनीं राजीनामा दिला, आणि उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनें केलें. मराठीच्या व्यासपीठावर इतर भाषांत लिहिणाऱ्यांचें स्थान काय, हा प्रश्न चांगला होता, आणि त्यावर दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें पुष्कळ होतें. सभामंडप तयार होता, श्रोते आले होते. बोलणें तेवढें झालें नाहीं.

दिवाळीच्या त्या घरीं मात्र तें झालें, आणि घडविलें आबाजींनीं, म्हणजे त्या मुलांच्या आजोबांनीं. त्यांना दोन्ही भाषांतली एकही येत नाहीं. ते म्हणाले, भांडूं नका. कापूस वेंचणीचा हिशेब दोघांनींही करून दाखवा, पण ज्यानें त्यानें दुसऱ्याच्या भाषेंत. पुण्याचा मुलगा जावांत लिहावयास बसला आणि एका अर्धविरामापायीं दहा मिनिटें अडला. त्याच्या भावाला पायथनमध्यें ओळ किती आंत सरकवावी हें सुधरेना. दोघेही एकमेकांना विचारूं लागले. तासाभरानें दोन्ही आज्ञावल्या चालल्या. आबाजींनीं पहिला हिशेब अगदीं सोपा दिला: दहा दहा किलोचीं तीन गांठोडीं, तर क्विंटल किती? प्रत्येक गांठोडें ०.१ क्विंटल; तीन वेळां मिळवावयाचे. दोन्ही पडद्यांवर उत्तर एकच उमटलें: तीनावर पंधरा शून्यें आणि शेवटीं चार.

आबाजींनीं चष्मा सारखा केला. "तीस किलोचे तीस किलोच होतात नं बाप्पा. मंग हे च्यार कुठून आले?"

एकदशांश ही संख्या दोन खुणांच्या यंत्रांत नेमकी मावत नाहीं. एक-तृतीयांश जसा आपल्या दशांशांत कधीं पुरा होत नाहीं, तसाच हा प्रकार. १९८५ सालीं ठरलेल्या एका मानकाप्रमाणें दोन्ही भाषा ही संख्या सारखीच साठवितात, म्हणून सारख्याच चुकतात. पैशाअडक्यासाठीं दोन्हींत निराळी सोय आहे, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. कोबोलमध्यें दशांश हिशेब पहिल्यापासूनच आहे. यांतलें कांहीं दोघांनाही त्या वेळीं ठाऊक नव्हतें. फराळाचें ताट तसेंच ठेवून दोघे एकाच पडद्यापुढें डोकीं जुळवून बसले, आणि रात्रीं आम्ही निघालों तेव्हां त्या चाराचा माग अजून चालूच होता.